भिंतीचे तोंड

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या आवाराभोवती विटांची पक्की भिंत उभी राहिली. पूर्वी तेथे थोराचे कुंपण होते आणि त्यातून शेळ्या, कुत्री व प्रार्थनेला उशीर झालेली मुले सारखीच ये-जा करीत असत. भिंतीचा गिलावा पुरता वाळला नव्हता, तोच धर्मग्राम समितीच्या बैठकीत तिच्याविषयी दोन सूचना आल्या. ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, उद्या निवडणुका येतील, शिकवणी वर्गांच्या आणि गुप्तरोगांवरील औषधांच्या जाहिराती येतील. तेव्हा 'या भिंतीवर लिहिण्यास सक्त मनाई आहे' असे ठळक अक्षरांत आधीच रंगवून घ्यावे. हे ऐकून मागे बसलेली तरुण मंडळी हसू लागली. भिंतीवर लिहू नका हेच भिंतीवर लिहावयाचे असेल, तर पहिला गुन्हा समितीचाच नव्हे काय, असा त्यांचा सवाल होता. त्यांना भिंतीवर चित्रे काढावयाची होती. त्यांनी रंगाचा खर्चही काढून आणला होता.

"चित्रे काय आणि अक्षरे काय, भिंत खराब व्हायची ती होणारच," असे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले. तेव्हा नाशिकला शिकावयास असलेला एक मुलगा उठून म्हणाला, "फादर, ग्राफिटी निराळी आणि स्ट्रीट आर्ट निराळी. आम्ही दुसरे करणार आहोत." सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी निर्णय पुढे ढकलला. मला खरोखरच उत्तर ठाऊक नव्हते आणि दुसरेही एक कारण होते. ते ओघात येईलच.

तो मुलगा ज्या भेदाविषयी बोलत होता, तो पुस्तकी व्याख्येत थोडक्यात असा सांगितला जातो. ग्राफिटी म्हणजे भिंतीवर केलेले अक्षरांचे लेखन. बहुधा स्वतःचे नाव, टोपणनाव किंवा घोषणा. विनापरवाना, चोरून, घाईने केलेले आणि मुख्यतः आपल्याच जातीच्या लेखकांनी वाचावे म्हणून केलेले. शब्दाचे मूळ इटालियन भाषेतील ओरखडणे या अर्थाच्या धातूत आहे. आधुनिक काळात त्याला प्रसिद्धी मिळाली ती न्यूयॉर्कमध्ये. तेथे निरोप पोहोचविण्याचे काम करणारा एक ग्रीक वंशाचा तरुण जाईल तेथे आपले टोपणनाव व आपल्या रस्त्याचा क्रमांक मिळून 'टाकी १८३' असे लिहीत असे, आणि १९७१ मध्ये एका मोठ्या वर्तमानपत्राने त्याच्यावर लेख छापल्यावर शेकडो मुलांनी आगगाडीचे डबे रंगविण्यास घेतले. स्ट्रीट आर्ट म्हणजे रस्त्यावरील चित्रकला; ती येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाही माणसासाठी असते, तिच्यात चित्र असते आणि पुष्कळदा तिला घरमालकाची संमती असते. मुंबईत बांद्र्याचा चॅपल रोड आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. तेथे रणजित दहिया या चित्रकाराने २०१२ मध्ये जुन्या 'अनारकली' चित्रपटाचे भलेमोठे चित्र भिंतीवर उतरविले आणि त्यानंतर त्या वस्तीतील भिंती पाहावयास लोक मुद्दाम येऊ लागले. २०१७ मध्ये ससून डॉक या मासळीच्या जुन्या धक्क्यावर चित्रकारांचा मोठा उपक्रम झाला. हा सारा प्रकार न्यूयॉर्कच्या आगगाडीपेक्षा सभ्य आहे, हे उघडच दिसते.

म्हणजे कसोट्या तीन झाल्या. परवानगी आहे की नाही. अक्षर आहे की चित्र. कुरूप आहे की सुंदर. सेमिनरीत आमचे तत्त्वज्ञानाचे अध्यापक म्हणत असत की, कसोटी घासून पाहावयाची असेल तर ती अवघड दगडावर घासावी. मी तसेच करून पाहिले.

आपल्या खानदेशाच्या सीमेवरच अजिंठ्याची लेणी आहेत. अनेक वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या मुलांची सहल घेऊन मी तेथे गेलो होतो. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात वाटाड्याने विजेरीचा झोत एका खांबावर टाकला. तेथे चितारलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर एका इंग्रजाने आपले नाव व तारीख कोरून ठेवली आहे: जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. हा घोडदळातील अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी त्या डोंगरात आला आणि विस्मृतीत गेलेली लेणी त्याच्या दृष्टीस पडली. ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसते, कारण त्या वेळी लेण्यात माती व दगडगोटे साचलेले होते आणि तो त्यांवर उभा होता. मुलांना मोठी गंमत वाटली. एकाने विचारले, "फादर, याला दंड झाला का?" दंड होण्यासारखा कायदा तेव्हा नव्हता. आज संरक्षित स्मारकाला अशी इजा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आणि गंमत अशी की, ज्या ओरखड्यामुळे चित्र बिघडले, त्याच ओरखड्यामुळे लेणी केव्हा पुन्हा उजेडात आली त्याची पक्की तारीख इतिहासकारांना मिळाली. काळ लोटला म्हणून अपराधाचा पुरावा झाला. तो हक्क झाला असे मात्र मला वाटत नाही. स्मिथसाहेबांना चित्र सुंदर वाटलेच असणार. सुंदर वाटले म्हणूनच त्यांनी आपले नाव त्याच्या अंगावर घातले.

त्याच लेण्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत आणखी एक नाव कोरलेले आहे. वासिठीपुत कटहादि नावाच्या कोणा दात्याने हे मुखदालन करवून दिले, अशी ती नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा गृहस्थही आपले नाव लोकांनी वाचावे याच इच्छेने प्रेरित झालेला होता. एका लेण्यावर दोन नावे आणि इच्छा एकच. परंतु एकाने आधी काही दिले आणि मग नाव लिहिले, दुसऱ्याने काहीच दिले नाही. (आपल्या चर्चमधील पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावे रंगविलेली असतात, ती पाहून मी पूर्वी चिडत असे. कटहादिमुळे मी थोडा निवळलो. पंखा फिरू लागला की नाव दिसत नाही, हीही एक सोय आहे.)

येथपर्यंत हिशेब सोपा होता. तो रोमने बिघडविला.

रोमला जाण्याचा योग मला एकदाच आला. पॅलाटाइन टेकडीवर, सम्राटांच्या वाड्यांच्या परिसरात, १८५७ मध्ये भिंतीच्या गिलाव्यावर ओरखडलेले एक चित्र सापडले; ते आता तेथील संग्रहालयात आहे. क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा एक माणूस आहे, त्याच्यापुढे एक तरुण हात उंचावून उभा आहे आणि खाली ओबडधोबड ग्रीक अक्षरांत अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे अशा अर्थाचे शब्द आहेत. ती इमारत राजवाड्यातील सेवक मुलांना शिकविण्याची जागा होती असे मानतात. कोणा ख्रिस्ती मुलाची त्याच्या सोबत्याने केलेली ही कुचेष्टा. वसतिगृहात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला हे चित्र समजावून सांगावे लागले नाही. मुले एकमेकांची अशीच टिंगल करतात. परंतु आपल्या प्रभूच्या क्रूसमरणाची जी अगदी प्राचीन चित्रे आज शिल्लक आहेत, त्यांत या टवाळखोर ओरखड्याचा समावेश होतो. भक्तांनी काढलेली त्या काळची चित्रे हाती लागत नाहीत आणि शत्रूने काढलेले राहिले. शेजारच्या खोलीत, दुसऱ्या हातचे, अलेक्सामेनोस विश्वासू आहे एवढेच लॅटिन शब्द आढळले. ते त्या मुलानेच उत्तरादाखल लिहिले की त्याच्या मित्राने, कोण सांगणार? मी त्या काचेपुढे बराच वेळ उभा होतो.

आपिया मार्गावरील संत सेबास्तियनच्या भुयारांतही असेच झाले. तेथे एका भिंतीवर तिसऱ्या-चौथ्या शतकांतील यात्रेकरूंनी शेकडो ओरखडे काढून ठेवले आहेत: पेत्र आणि पौल, आमची आठवण ठेवा, अमक्यासाठी प्रार्थना करा. अक्षरे वेडीवाकडी, शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. कोणाची परवानगी घेतली असेल असे दिसत नाही. संत पेत्राच्या महामंदिराखाली १९४० च्या दशकात जे उत्खनन झाले, तेथेही अशा ओरखड्यांनी गजबजलेली एक भिंत सापडली. आज विद्वान मंडळी भिंगे लावून ती वाचतात आणि आपण गुडघे टेकतो. मग माझ्या तीन कसोट्यांचे काय झाले? हे ओरखडे विनापरवाना होते, अक्षरांचे होते आणि कुरूप होते. व्याख्येप्रमाणे शुद्ध ग्राफिटी. तरीही जॉन स्मिथच्या शेजारी मी त्यांना बसवू शकत नाही. त्या यात्रेकरूंनी आपले नाव लिहिले ते मदत मागण्यासाठी, आणि ज्यांच्याकडे मागावयाची ते त्या भिंतीपाशीच आहेत असे त्यांना वाटत होते.

परवानगीच्या कसोटीविषयी आणखी थोडे बोलले पाहिजे, कारण समितीतील ज्येष्ठांचा सारा भर तिच्यावर होता. मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे आणि तो असावा हेच योग्य. परंतु १९४२ च्या त्या दिवसांत देशभर रात्रीतून भिंतींवर 'चले जाव' उमटत होते, ते कोणाच्या परवानगीने? आपल्या नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारात हुतात्मा झाले. त्या पिढीच्या मुलांना भिंतीवर लिहिण्याबद्दल कोणी विद्रूपीकरणाचा दोष आज देणार नाही. उलटपक्षी, परवानगी घेऊन केलेले किती लेखन आपल्या माथी मारले जाते! खेड्यातील घराची दर्शनी भिंत सिमेंट कंपनीचा माणूस फुकट रंगवून देतो. घरमालकाला रंगाचा खर्च वाचल्याचा आनंद होतो आणि समोर राहणाऱ्याला वर्षानुवर्षे दारात बसून सिमेंटचे नाव वाचत राहावे लागते. सरकारनेही कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण कित्येक दशके कोणाला न विचारता गावोगाव रंगविला. त्याविषयी आपल्या लोकांच्या मनात काय येई, हे विचारावयास कोणी आले नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी खासगी मालकीचा हक्क मान्य केला, पण त्याला एक पुस्ती जोडली. वस्तू मिळविणे आणि तिची व्यवस्था पाहणे हा माणसाचा हक्क आहे. तिचा उपयोग करताना मात्र ती सर्वांची आहे अशा भावनेने, गरजवंताला वाटा देण्यास तयार राहून, तिच्याकडे पाहावे. आम्ही हे परीक्षेसाठी पाठ केले, तेव्हा शेत, धान्य, पैसा एवढेच डोळ्यांपुढे होते. भिंतीचा विचार कोणी केला नव्हता. भिंतीला दोन तोंडे असतात. आतले घरमालकाकडे, बाहेरचे परक्याकडे. बाहेरच्या तोंडावर मालकी माझी, पण ते पाहणे ज्याच्या वाट्याला येते तो मी नव्हे. अनुवादाच्या पुस्तकात देवाने आपली वचने दाराच्या चौकटीवर लिहावयास सांगितले, ते इस्राएलाच्या स्वतःच्या दाराच्या चौकटीवर. शेजाऱ्याच्या नाही.

याच संदर्भात एका विचित्र प्रथेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. शहरांतील आडबाजूच्या भिंतींवर आणि जिन्यांच्या कोपऱ्यांत देवदेवतांची, क्रूसाची आणि मशिदीची चित्रे असलेल्या फरश्या ओळीने बसवितात. हेतू धार्मिक नसतो. कोणी तेथे लघवी करू नये, पान खाऊन थुंकू नये एवढाच असतो. सर्वधर्मसमभावाचे इतके स्वस्त उदाहरण मी अन्यत्र पाहिले नाही. चित्र आहे, मालकाची परवानगी आहे, भिंत स्वच्छ राहते. तिन्ही कसोट्यांना ते उतरते. तरीही प्रभूला मुतारीचा पहारेकरी नेमणे मला पटत नाही. ७८७ च्या निकेया धर्मपरिषदेने प्रतिमेचा सन्मान मूळ व्यक्तीला पोहोचतो असे ठरविले. मग प्रतिमेला दिलेले हलके कामही तिला पोहोचत असलेच पाहिजे.

आणि भिंतीवरील चित्र म्हणजे काही बांद्र्याला लागलेला नवा शोध नव्हे. ठाणे-पालघरकडील वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि त्यात पालघाट देवी असते. नर्मदेपलीकडे अलिराजपूर आणि छोटा उदेपूरच्या बाजूस राठवा व भिलाला लोक नवस फेडण्यासाठी घराच्या भिंतीवर पिठोरा काढवितात. घोड्यांच्या रांगा, सूर्य, चंद्र, शेत नांगरणारा माणूस. ते काढणाऱ्याला लखारा म्हणतात, म्हणजे लिहिणारा. पिठोरा रंगवीत नाहीत, लिहितात. बडवा येऊन ते तपासतो आणि चूक असेल तर दुरुस्त करावयास सांगतो. अक्षर आणि चित्र यांत आपण घातलेली भिंत त्या घरातल्या भिंतीवर नाही. जिव्या सोमा मशे यांनी ही वारली रेषा घराच्या भिंतीवरून कागदावर आणली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि आता तीच माणसे-झाडे कचेऱ्यांच्या कुंपणांवर, बसस्थानकांवर, शौचालयांवर 'सुंदर शहर' म्हणून कंत्राटदाराकडून रंगवून घेतली जातात. चित्र तेच, पण त्याच्या शेजारी लग्न नाही, नवस नाही, चूक काढणारा बडवा नाही. त्याला मी वाईट म्हणत नाही. थुंकलेल्या भिंतीपेक्षा ते केव्हाही बरे. मात्र ते कोणी कोणाला लिहिले आहे, असे विचारले तर उत्तर देता येत नाही.

इतके झाल्यावर वाचकांना वाटेल की, हा धर्मगुरू ओरखडे काढणाऱ्यांच्या बाजूचा आहे. तसे नाही. एका शाळेच्या मागील भिंतीवर एका मुलीचे नाव एका मुलाच्या नावाशी जोडून, खाली दोन गलिच्छ शब्दांसह, कोणी लिहिले होते. शाळा कोणती हे सांगण्याचे कारण नाही. भिंत दुसऱ्या दिवशी पुसली गेली. मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही आणि पुढच्या वर्षी तिचे शिक्षण सुटले. बापाने तिला शेतात कामाला घेतले. त्या लिहिणाऱ्याच्या बंडखोरीचे कौतुक ज्यांना करावयाचे असेल, त्यांनी प्रथम तिच्या घरी जाऊन यावे. भिंतीवर लिहिलेल्याला उत्तर देता येत नाही. लिहिणारा पळून गेलेला असतो आणि जिच्याविषयी लिहिले ती तेथेच राहते. अलेक्सामेनोसला निदान शेजारच्या खोलीची भिंत मिळाली.

आता ते दुसरे कारण.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका वसतिगृहाचा प्रमुख होतो. नाताळच्या आधी आम्ही इमारतीला चुना लावून घेतला. तीन दिवसांनी मागील बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाने, वीतभर उंचीच्या अक्षरांत, एकच शब्द लिहिलेला आढळला. एका गावाचे नाव. मी मुलांना रांगेत उभे केले. फार विचारावे लागले नाही. सहावीतील एक पावरा मुलगा स्वतःच पुढे आला. त्याचे हात अजून काळे होते. मी त्याला सर्वांसमोर बोललो. चुन्याला पैसे पडतात, तुमच्या आईवडिलांनी घाम गाळून दिलेली फी आहे, घरी अशी भिंत असती तर लिहिले असतेस का, वगैरे. जे शिक्षकवर्ग नेहमी बोलतो ते सर्व. मग त्याच्या हाती बादली व कुंचा दिला. त्याने दोन हात मारले. नीळसुद्धा व्यवस्थित कालविली. एक शब्दही बोलला नाही. मला वाटले, चांगला धडा मिळाला.

सुटीत त्याचा बाप त्याला न्यावयास आला, तेव्हा मी ही गोष्ट सहज, हसतच, सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, ते आमचं गाव. तो तिथं जन्मलाच नाही. माझा बा त्याला रोज सांगतो." सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील जी तेहतीस गावे बाधित झाली, त्यांपैकी ते एक होते. हे कुटुंब खाली तळोद्याकडील वसाहतीत आले होते. "वसाहतीला सरकारनं नाव दिलंय," तो म्हणाला, "जुनं नाव आता फक्त बाच्या तोंडात आहे. पोराला लिहायला येतं, म्हणून त्यानं लिहिलं असेल."

घरी अशी भिंत असती तर, असे मी त्या मुलाला विचारले होते. डोंगरातील त्याच्या आजोबांचे घर कुडाचे होते. बांबूच्या तट्ट्यांना माती लिंपलेली. ज्याला आपण भिंत म्हणतो तशी सपाट, पांढरी, लिहिता येण्याजोगी पहिली भिंत त्याला आमच्या वसतिगृहात मिळाली होती. आणि अक्षरेही आम्हीच शिकविली होती.

भिंत वसतिगृहाची होती, चुना नवा होता, नियम सर्वांना माहीत होता. मी त्याला शिक्षा केली यात नियमाच्या दृष्टीने काही गैर नव्हते. आजही मी म्हणणार नाही की त्याला लिहिण्याचा हक्क होता. माझ्या मनाला जे लागले ते वेगळे. त्या भिंतीवर काय लिहिले आहे, हे मी वाचलेच नाही. कोळसा पाहिला, डाग पाहिला, खर्च पाहिला. शब्द पाच अक्षरांचाही नव्हता. हे कोणते गाव, एवढे मी विचारले असते, तर भिंत पुसावी लागली असती तरी ती मी निराळ्या रीतीने पुसली असती. ज्याला स्वतःची भिंत नाही त्याने दुसऱ्याच्या भिंतीवर लिहिले, तर मालकाने पुसण्यापूर्वी ते वाचावे, एवढे देणे त्याच्याकडे लागते, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. ग्राफिटी कोणती आणि कला कोणती, हा निवाडा त्यानंतरचा. जो वाचतच नाही त्याला तो करताही येणार नाही.

चुना लावणाराही भिंतीवर काही लिहीत असतो, ही गोष्ट न्यायालयांना आपल्याआधी कळलेली दिसते. न्यूयॉर्कमध्ये 'फाइव्ह पॉइंट्झ' नावाच्या एका जुन्या कारखान्याच्या भिंती मालकाच्या संमतीनेच अनेक वर्षे रंगविल्या जात होत्या. २०१३ मध्ये नवीन इमारत बांधावयाची म्हणून मालकाने एका रात्रीत सर्वांवर पांढरा रंग फासला. इमारत त्याचीच होती. तरीही २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला २१ चित्रकारांना मिळून साडेसदुसष्ट लाख डॉलर देण्याचा आदेश दिला. कलावंतांना पुरेशी सूचना न देता, घाईने व हेतुपूर्वक त्यांची कृती नष्ट केल्याबद्दल. आपल्याकडे शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातील प्रचंड ब्रॉंझ भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे अवशेष परत करावयास लावले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. सहावीतील मुलाला अर्थातच असा कायदा लागू होत नाही.

योहानच्या शुभवर्तमानात प्रभू येशू लिहीत असल्याचा एकच प्रसंग आहे. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला लोक घेऊन येतात, तिला दगडमार करावी की नाही असे विचारतात आणि तो खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहू लागतो. काय लिहिले ते योहानने नोंदविलेले नाही. विद्वानांनी तर्क पुष्कळ केले. मला त्यातील इतकेच जाणवते की, मंदिराच्या आवारात भिंतींना तोटा नव्हता. त्या स्त्रीविषयी भिंतीवर लिहिण्यास जमाव एका पायावर तयार झाला असता. त्याने लिहिले ते धुळीत, जेथे ती गेल्यावर कोणाच्या तरी पायाने पुसले जाईल. बेलशस्सर राजाच्या मेजवानीत भिंतीवर हात उमटला, तो राजासाठी होता. तो गरीब स्त्रीसाठी नव्हता.

हे सर्व मी समितीसमोर सांगितले नाही. बैठक लांबली असती. कोळशाची गोष्ट तेवढी सांगितली. ज्येष्ठ सभासदांनी मनाईची सूचना मागे घेतली असे नाही, पण ती फाटकाजवळ लहान पत्र्यावर लावावी असे ठरले. तरुणांना मी एक अट घातली. भिंतीचे बाहेरचे तोंड ज्यांच्या दाराकडे आहे, त्या समोरच्या सात घरांना आधी विचारून या. आपल्या धर्माची घरे त्यांत दोनच आहेत.

मुलांनी तयार करून आणलेले चित्र सुरेख होते. काट्यांचा मुकुट घातलेला प्रभूचा चेहरा, भिंतीच्या पूर्ण उंचीचा, थेट रस्त्याकडे पाहणारा. पाच घरांनी 'काढा की' म्हटले. एका घरी कुलूप होते. माणसे ऊसतोडीला गुजरातेत गेलेली. सातव्या घरी एक म्हातारी ओट्यावर डाळ निवडीत बसली होती. तिने कागद उलटसुलट करून पाहिला आणि मुलांना म्हणाली, "चांगलं आहे, पोरांनो. काढा तुम्ही. पण एवढ्या मोठ्या डोळ्यांचं तोंड माझ्या दारासमोर नको. नात माझ्याजवळ ओट्यावर झोपते, रात्री उठली की भिते."

मुले परत आली आणि आता काय करावयाचे, असे मला विचारू लागली. मी म्हटले, तिला विचारा, नातीला काय आवडते. काल संध्याकाळी ती पुन्हा गेली होती. नातीने शेळी सांगितली आहे.